इतर कामे : समुद्र

प्योसाहेबांनी एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खात्यातून निवृत्त होताना त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक प्रशस्तिपत्र मिळालं. प्रशस्तिपत्रात 'अचूक' हा शब्द दोनदा आला होता. ते दिवाणखान्यात टीव्हीच्या बरोबर वर टांगलेलं होतं, आणि आलेल्या पाहुण्याने आपण होऊन वाचलं नाही तर प्योसाहेब त्याची खुर्ची थोडी सरकवून देत. एवढ्या अचूक माणसाच्या हातून जे झालं, ते मासान शहरातल्या त्या वसाहतीत अजून लिफ्टमध्ये सांगितलं जातं.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. प्योसाहेबांचे सासरे ओक कप्तान, वय ब्याऐंशी. दोल्मी नावाच्या बंदरात पन्नास वर्षं त्यांनी स्वतःची मासेमारी बोट चालवली. त्यांचं घर टेकडीवर, त्रेचाळीस पायऱ्या चढून. सप्टेंबरात त्या पायऱ्यांवरून ते घसरले ते शेजारीण मिरच्या द्यायला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार तास, तिथेच पडून होते. मग दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि मुलीने, म्हणजे प्योसाहेबांच्या पत्नी मिरान यांनी, त्यांना अकराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणून मागच्या खोलीत ठेवलं.

कप्तान दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागले, "थंडीत कॉड मासा यायला लागला की मी जाणार."

"बाबा, तिथे तुमच्याजवळ आहे कोण?"

"समुद्र आहे."

"समुद्र उचलून दवाखान्यात नेणार आहे का?"

"इथे तरी काय आहे गं? खिडकीतून बघितलं की एकशे तीन नंबरची बिल्डिंग. समोरच्या माणसाचे पायजमे मोजतो मी रोज. सहा आहेत त्याच्याकडे. एक फाटलाय."

स्वयंपाकघरात जाऊन मिराननी नळ मोठा सोडला, आणि नळ मोठा सोडला की त्या रडतात हे प्योसाहेबांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. "ते परत गेले आणि परत पडले," त्या नळाकडे तोंड करून म्हणाल्या, "तर मी स्वतःला कधी माफ करायची नाही." प्योसाहेबांना रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. जमिनीच्या वादात रडणारे पुष्कळ भेटत, पण तिथे नकाशा पुढे करता येई.

इथेही त्यांनी नकाशाच शोधला. जुन्या अल्बममध्ये एक फोटो होता, कप्तानांबरोबर दुसऱ्याच्या बोटीतून येताना सासूबाईंनी काढलेला. दोल्मी बंदरात शिरताना दिसतं तसं सगळं त्यात होतं : सगळ्याच बंदरांच्या तोंडाशी असतात तसे दोन दीपस्तंभ, एक लाल, एक पांढरा; आत धक्क्याला बांधलेली, मुलीचं नाव दिलेली 'मिरान' बोट; मागे बर्फाचा कारखाना आणि टेकडीवर निळ्या छपराचं घर. हाच फोटो मागच्या खोलीच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवायचा. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंदर आलं की पायजमे मोजायची वेळ येणार नाही, आणि ते राहतील.

आता प्योसाहेबांना चित्रकला येत होती का, तर नव्हती. जन्मात त्यांनी सरळ रेषेशिवाय काही काढलं नव्हतं. पण शहरातल्या एका चढाच्या गल्लीत कला विद्यालयाच्या मुली भिंती रंगवत असताना त्यांनी पाहिलं होतं : फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर पाडायचा, त्यावरून पेन्सिल फिरवायची, मग रंग भरायचा. "यात चित्रकला कुठे आहे?" त्यांनी मिरानना समजावलं. "ही मोजणी झाली. हद्द आखायची आणि आतली जमीन रंगवायची. आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये. दुपारी ते विरंगुळा केंद्रात पत्ते खेळायला जातात, तेवढ्या वेळात मी उरकतो. भिंतीला ओल आली म्हणून सांगू आणि तोवर त्यांना दिवाणखान्यात झोपवू."

आपल्याच घरात, आपल्याच भिंतीवर चित्र काढायला परवानगी लागते असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते वसाहतीच्या ऑफिसात गेले ते केवळ रंगाचे रिकामे डबे कुठल्या दिवशी टाकायचे हे विचारायला. मॅनेजरने 'रंग' हा शब्द ऐकला आणि खणातून फॉर्म काढला.

"भिंत पाडणार?"

"नाही."

"व्हरांडा आत घेणार?"

"नाही हो. चित्र काढणार आहे. समुद्राचं."

मॅनेजरने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. पाडकाम होतं, प्लंबिंग होतं, फरशी होती, खिडक्या होत्या. "चित्राचा रकाना नाही," ते म्हणाले. "'इतर कामे'मध्ये टाकू." आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : इतर कामे : समुद्र.

"मुदत?"

"बघू, जसं जमेल तसं."

"मुदत रिकामी चालत नाही. काम कधी संपणार ते आधी लिहावं लागतं."

प्योसाहेबांनी तीन आठवडे लिहायला सांगितलं. मग कळलं की फॉर्मला एक पुरवणी आहे. जिन्यावरच्या तीस फ्लॅटपैकी निम्म्याहून एक जास्त, म्हणजे सोळा फ्लॅटच्या संमतीच्या सह्या आणायच्या. शिवाय लिफ्टमध्ये सूचना लावायची. सूचना लावू नका, घरातल्या माणसापासून लपवायचं आहे, असं प्योसाहेबांनी हळू आवाजात सुचवून पाहिलं.

"नियम आहे," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही तर स्वतः सरकारी नोकरीत होता."

हा वार वर्मी लागला. शेवटी तडजोड अशी झाली की सूचनेत समुद्राचा उल्लेख येणार नाही. नुसतं 'फ्लॅट ११०४, मागची खोली, काम चालू' एवढंच लिहून खाली शिक्का मारायचा. या तडजोडीवर प्योसाहेब खूश होते, हे नंतर आठवून त्यांना फार त्रास झाला.

सह्या गोळा करायला चार दिवस गेले. फुकट सही कोणी देत नाही, सल्ल्याबरोबर देतं. त्यातून ते किमची, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस होते. महिला मंडळाच्या अध्यक्षा नऊशे दोनमध्ये राहत. त्यांना सगळे नऊशे दोनच म्हणत, त्यांचं नाव बहुतेक त्यांनाही आठवत नसावं. त्या बाथरूममध्ये साठ कोबी मिठात घालून बसल्या होत्या.

"सही करते, पण माझे हात मिठाचे. तेवढे कोबी उलटे करून द्या."

प्योसाहेबांनी दीड तास कोबी उलटे केले. तोपर्यंत नऊशे दोन विषयाला भिडल्या होत्या. "समुद्र कशाला काढताय घरात? पाणी म्हणजे वाहून जाणं आलं. सूर्यफुलं काढा. आमच्या नणंदेने दारासमोर सूर्यफुलांचं चित्र लावलं, तर मुलाचं लग्न ठरलं."

"आम्हाला मुलगी आहे, आणि तिचं लग्न झालंय."

"मग दुसरं काहीतरी ठरेल. कोपऱ्यात एक काढा निदान."

प्योसाहेबांनी सहीसाठी मान हलवली. पुढे त्या रोज जिन्यात विचारत, सूर्यफूल कुठवर आलं.

तेराव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सहीबरोबर गच्चीला मारून उरलेला हिरवा वॉटरप्रूफ रंग दिला. दोल्मीचा समुद्र हिरवाच आहे, असं ते तिथे कधीही न गेलेले असून ठामपणे म्हणाले. आणि सातव्या मजल्यावरच्या तक काकांनी तर प्रोजेक्टरच दिला. तक काका चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्यांचे मदतनीस, होते, आणि प्रार्थनेची गाणी भिंतीवर दाखवायचं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. अट एकच, दर शनिवारी संध्याकाळी ते परत करायचं आणि सोमवारी न्यायचं.

पहिल्या सोमवारी कप्तान पत्ते खेळायला गेल्याबरोबर प्योसाहेबांनी मागच्या खोलीच्या खिडकीला दोन ब्लँकेटं ठोकली, अंधार केला, स्कॅन केलेल्या फोटोची पेन ड्राइव्ह प्रोजेक्टरला लावली आणि तो चालू केला. बंदर पडलं ते उशीच्या अभ्र्याएवढं. खोली अडीच मीटर रुंद, आणि यंत्र जितकं लांब न्यावं तितकं चित्र मोठं. प्योसाहेब यंत्र घेऊन मागे मागे सरकत गेले आणि कपाटाला पाठ टेकली. त्यापुढे मागे जायला भिंत फोडावी लागली असती, आणि ते फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं.

तक काका यंत्राची काळजी म्हणून सोबत आले होते. ते म्हणाले, "आरसा वापरा की. यंत्र या भिंतीशी ठेवायचं, तोंड आरशाकडे करायचं. उजेड आरशावर जाऊन परत इकडे येईल. अंतर दुप्पट."

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने उभा आरसा होता. प्योसाहेबांनी दार उघडून अर्ध्यावर धरलं, कागदावर कोन काढला, यंत्राखाली जमीन कायद्याचे दोन खंड ठेवले, आणि बंदर भिंतभर पसरलं. तिरपं होतं ते त्यांनी ओळंबा लावून सरळ केलं. एक दीपस्तंभ त्यांच्या उंचीचा झाला. खोटं कशाला सांगा, त्यांना भरून आलं. एकतीस वर्षांत इतकी सुंदर जमीन त्यांनी मोजली नव्हती.

"नाव उलटं दिसतंय," तक काका बोटीकडे बोट दाखवून म्हणाले.

"आरशात अक्षरं उलटीच दिसणार," प्योसाहेब सहनशील सुरात म्हणाले. "शाळेतलं पोरही सांगेल. तेवढं नाव मी हाताने सुलटं लिहीन."

तक काकांनी मान डोलावली. बारकाईने काम करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता.

काम सुरू झालं. अडचण अशी की भिंतीशी उभं राहिलं की आपलीच सावली चित्रावर पडते. टेकडीची रेघ मारायला जावं तर टेकडीच्या जागी प्योसाहेबांचं डोकं. त्यामुळे सगळं बंदर त्यांनी गुडघ्यावर बसून, बाजूने हात लांब करून आखलं. दर सोमवारी यंत्र पुन्हा त्याच जागी यावं म्हणून जमिनीवर त्यांनी चिकटपट्टीच्या खुणा केल्या, कपाटाच्या दाराखाली पाचर ठोकली, आणि खुणांची मापं वहीत लिहिली. दुसऱ्या सोमवारी सगळं ताडून पाहिलं तर केसभरही फरक नव्हता. हे त्यांनी मिरानना तीनदा सांगितलं.

मिरान औषधाच्या दुकानात कामाला असत, संध्याकाळी येत. एकदा त्यांनी भिंतीवर टाकलेली चादर वर करून पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "छान झालंय हो," त्या म्हणाल्या. "पण मला काहीतरी परकं परकं वाटतंय."

"तू पंधराव्या वर्षी गाव सोडलंस," प्योसाहेब म्हणाले. "हे फोटोबरहुकूम आहे."

त्यावर वाद घालायला जागा नव्हती. प्रशस्तिपत्र बाहेर टांगलेलंच होतं.

इकडे वसाहतीत दुसरंच शिजत होतं. अकराव्या मजल्यावर भर दुपारी खिडकीला ब्लँकेटं, आत अंधार, आणि तक काकांसारखा देवभक्त माणूस तिथे ये-जा करतो, यावरून नऊशे दोनच्या मंडळात ठरलं की आत जुगार चालतो. वॉचमन चौकशीला आला. प्योसाहेबांनी दार फटीएवढं उघडलं. हातावर निळा रंग, गुडघ्याला पट्टे बांधलेले. "काही नाही, समुद्र," ते म्हणाले. वॉचमनने समजूतदारपणे मान हलवली आणि खाली जाऊन सांगितलं की पत्ते नाहीत, पण साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

मग रविवार आला. प्योसाहेब शनिवारी यंत्र परत करताना फोटोची पेन ड्राइव्ह त्यातच विसरले. दुसऱ्या प्रार्थनेच्या वेळी तक काकांनी बटण दाबलं, आणि गाण्याऐवजी भिंतीवर दोल्मी बंदर उमटलं. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, येशू ज्या सरोवरावरून चालला तेच हे. एकीने मात्र विचारलं की मग तिथे बर्फाचा कारखाना कसा. तक काकांनी सोमवारी हे सगळं सौम्य शब्दांत सांगितलं, पण त्या दिवसापासून पेन ड्राइव्ह काढलीत का, असं ते शनिवारी दोनदा विचारू लागले.

तिसऱ्या आठवड्यात प्योसाहेबांनी पाण्यात हिरवा रंग भरला. तो गच्चीचा रंग. मोकळ्या हवेत मारायचा, तो बंद खोलीत मारला. तासाभरात वास खालच्या सहा मजल्यांना पोहोचला, आणि सहा मजल्यांवर किमची मुरत होती. संध्याकाळी प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीतल्या भोंग्यातून मॅनेजरचा आवाज आला : "सूचना. अकराशे चारमधून येणाऱ्या वासाबद्दल तक्रारी आल्या आहेत. अकराशे चारच्या रहिवाशांनी खिडक्या उघडाव्यात आणि मागच्या खोलीचं काम लवकर संपवावं." तीनशे फ्लॅटनी ते जेवताना ऐकलं. अकराशे चारमध्येही भोंगा होता, आणि त्याच्या खाली कप्तान मासळीचं कालवण जेवत होते.

"कसलं काम?" त्यांनी विचारलं.

"वॉलपेपर," प्योसाहेब म्हणाले. "ओल आली होती. तोवर तुम्ही दिवाणखान्यात झोपताय, तसंच झोपा दोन दिवस."

कप्तानांनी काटे बाजूला काढले आणि आणखी काही विचारलं नाही. खरं तर लिफ्टमधली सूचना त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच वाचली होती. विरंगुळा केंद्रातल्या मंडळींनी तिचा अर्थही लावून दिला होता. एकाच्या सुनेने अशीच खोली रिकामी करून घेतली आणि तिथे व्यायामाची सायकल आणून ठेवली. कप्तान त्या माणसाशी रोज एक डाव जास्त खेळत होते.

गुरुवारी काम संपलं. प्योसाहेबांनी बारीक ब्रशने बोटीवर सुलटं 'मिरान' लिहिलं. तेवढंच त्यांनी यंत्राशिवाय, स्वतःच्या हाताने केलं होतं, म्हणून चार वेळा पुसून पाचव्यांदा लिहिलं. कोपऱ्यात एक नखाएवढं सूर्यफूल काढलं. पाच वाजता कप्तान परत येणार, तेव्हा चादर काढायची. मिरान दुकानातून लवकर आल्या. तक काका आले. नऊशे दोन आल्या. सही केल्यामुळे त्या भिंतीत आपला वाटा आहे असं त्यांना वाटत होतं.

कप्तान काठी टेकत आले ते कोट न काढता म्हणाले, "मिरान, उद्या सकाळची नऊची बस आहे. तिकीट काढून आलोय."

मिरानचा चेहरा उतरला. "उद्या? का?"

"खोली मोकळी करून देतो. तुम्हाला लागत असेल कशाला तरी."

"कोण म्हणालं असं?"

"लिफ्टमध्ये लिहिलंय. शिक्का आहे त्यावर." ते जावयाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "जावईबापू, तोंडाने सांगितलं असतंत तरी मी गेलो असतो. भोंग्यावरून सांगायची गरज नव्हती."

प्योसाहेबांनी सासऱ्यांचा हात धरला, मागच्या खोलीत नेलं, आणि नकाशा पुढे करावा तशी चादर ओढून काढली.

हिरवं पाणी, दोन दीपस्तंभ, धक्का, बोट, टेकडी, निळं छप्पर. कप्तान काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांची हनुवटी एकदा हलली. मग डोळे बारीक झाले. मग त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं, आणि दुसऱ्या बाजूला कलवलं.

"लाल डावीकडे आहे," ते म्हणाले.

"हो," प्योसाहेब म्हणाले.

"बंदरात शिरताना लाल उजवीकडे आणि पांढरा डावीकडे. दोल्मीला तसं, मासानला तसं, सगळीकडे तसंच. लाल डावीकडे आला म्हणजे माणूस बाहेर निघालाय. पण समोर तर माझं घर दिसतंय. म्हणजे मी घराकडे तोंड करून उलटा उलटा समुद्रात चाललोय." त्यांनी थोडा विचार केला. "अशी बोट मी आयुष्यात एकदाच पाहिली. तिचा मालक प्यालेला होता."

प्योसाहेबांनी खिशातून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. बर्फाचा कारखाना या बाजूचा त्या बाजूला होता. टेकडी उलटी होती. घर उलटं होतं. तक काकांनी कपाटाकडे पाहिलं, प्योसाहेबांनी तक काकांकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकाच क्षणी सगळं कळलं.

"नुसती अक्षरं उलटत नाहीत वाटतं आरशात," तक काका हळूच म्हणाले.

"मी सूर्यफुलं सांगितली होती," नऊशे दोन म्हणाल्या. "सूर्यफूल कुठूनही सारखंच दिसतं."

कप्तानांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "कष्ट घेतलेत जावईबापू. एवढे कष्ट माझ्यासाठी कोणी घेतले नव्हते. पण याच्याकडे बघून मला गरगरतंय. मी आपला उद्या जातो. तिथे दिवे जागेवर आहेत."

पाहुणे चपला घालून निघून गेले. प्योसाहेब दिवाणखान्यात जाऊन प्रशस्तिपत्राखाली बसले. वर बघायची त्यांची हिंमत होईना. केसभर फरक नाही, केसभर फरक नाही, असं तीन आठवडे सांगत फिरलेला माणूस अख्खं गाव उलटं करून बसला होता. त्याहून वाईट म्हणजे म्हातारा आता जाणार होता, पायऱ्या त्रेचाळीसच होत्या, आणि स्वयंपाकघरात नळ अजून सुटला नव्हता, म्हणजे मिरान रडण्याच्याही पलीकडे गेल्या होत्या.

मिरान मागच्या खोलीत होत्या. त्या रागावल्या की सामान आवरत. कप्तान पलंगावर भिंतीकडे पाठ करून बसले होते, चित्र दिसू नये म्हणून. मिराननी बॅग पलंगावर आपटली, कपाटाच्या दाराखालची पाचर पायाने उडवली आणि दार सताड उघडलं. दार फिरून कप्तानांच्या समोर आलं.

"त्या दोन स्वेटरांपैकी कुठला नेणार?" मिराननी विचारलं. "बाबा?"

"दार हलवू नकोस."

"काय झालं?"

"थोडं तुझ्याकडे घे. अजून थोडं. बास. तिथेच धर."

मिराननी दार धरलं. कप्तान आरशात बघत होते. पांढरा डावीकडे होता, लाल उजवीकडे. बर्फाचा कारखाना जागेवर, वर टेकडी, टेकडीच्या उजव्या अंगाला निळं छप्पर. मग एकच शब्द म्हणाले, तो बोटीवरची माणसं दीपस्तंभ पार केल्यावर इंजिन हळू करताना म्हणतात. "आलो."

"बाबा, रडताय?"

"रंगाचा वास आहे." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "तुझी आई माझ्या शेजारी उभी होती, हा फोटो काढला तेव्हा. बोट हलवू नका म्हणाली. समुद्रात बोट हलवू नका म्हणाली." ते हसले आणि मग हसता हसता थांबले. मिरान दार न सोडता, हात लांब करून त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिल्या.

जरा वेळाने कप्तानांनी हाक मारली. "जावईबापू, इकडे या. इथे माझ्याजवळ बसा. तोंड आरशाकडे."

प्योसाहेब येऊन बसले. पाहिलं. पाठ आपोआप ताठ झाली.

"म्हणजे बरोबर आहे?"

"सगळं बरोबर आहे. पांढऱ्याजवळचा खडकसुद्धा. तो खडक गावातले अर्धे लोक चुकवतात." कप्तान डोळे बारीक करून पुढे झुकले. "एकच गोष्ट चुकलीय."

"कुठली?"

"बोटीचं नाव उलटं आहे. बाकी एवढं झकास काम, आणि नाव कोणी लिहिलं हे?"

सगळ्या बंदरात तेवढंच एक प्योसाहेबांनी स्वतःच्या हाताने सुधारलं होतं. "मी," ते म्हणाले. "पाचव्यांदा लिहिल्यावर जमलं."

"पुसून टाका. भिंतीवर उलटं लिहायचं, म्हणजे इथून सुलटं दिसेल. मी इथे बसून सांगतो, तसं लिहा. घाईत लिहू नका, मला रोज बघायचंय ते. आणि या दाराला हूक लावा, सारखं मिटतंय."

मिराननी बॅग उचलून पलंगाखाली सरकवली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडला.

सोमवारी प्योसाहेब वसाहतीच्या ऑफिसात गेले. सुधारणेसाठी वेगळा फॉर्म लागतो हे आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. कप्तान सोबत आले होते. लिफ्टमधल्या सूचनेत यावेळी काय लिहिणार ते त्यांना आधी बघायचं होतं. मॅनेजरने पेन उघडलं.

"पाडकाम?"

"नाही."

"इतर कामे?"

"बोटीचं नाव उलटं करणे," प्योसाहेब म्हणाले.

मॅनेजरने तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं. आता त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं. "मुदत?" त्यांनी विचारलं. "कधी संपणार काम?"

प्योसाहेब सांगणार होते, दोन दिवस. तेवढ्यात कप्तानांनी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"ती जागा रिकामी ठेवा," ते म्हणाले.

"आजोबा, मुदत रिकामी चालत नाही."

"मला चालते," कप्तान म्हणाले.

मॅनेजरने प्योसाहेबांकडे पाहिलं. एकतीस वर्षं एकही रकाना रिकामा न सोडलेल्या प्योसाहेबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि खाली सही केली.